आधी रात्र काढायची

सैनिकांमधल्या आणि त्यांच्या घरच्यांमधल्या आत्महत्या रोखायच्या तर माणसाला बोलतं करणं हे पहिलं काम, असं मी अनेक वर्षं मानत आले. तसंच शिकले, तसंच शिकवलं. आता माझं मत बदललं आहे. बोलणं लागतंच, पण त्याआधी त्या माणसाच्या आणि जीव घेणाऱ्या साधनाच्या मध्ये अंतर पडायला हवं, त्याला थोडा वेळ मिळायला हवा. हे काम माझ्यासारख्या समुपदेशकाच्या खोलीत होत नाही. ते बराकीत होतं, कोतमध्ये म्हणजे शस्त्रं ठेवायच्या खोलीत होतं, घराच्या सोप्यात आणि गोठ्यात होतं. ते सुभेदार करतो, बायको करते, सासू करते. ज्या कामावर माझं पोट आणि माझा अभिमान दोन्ही उभे, ते दुसऱ्या नंबरचं आहे हे मान्य करणं मला सोपं गेलं नाही.

माझे वडील पायदळात हवालदार होते. खटाव तालुक्यातल्या आमच्या गावात आळीआळीत कुणी ना कुणी मिल्ट्रीत. वडील सुट्टीवर यायचे, आमची त्यांच्याशी नीट ओळख होईपर्यंत त्यांची ट्रंक भरायची वेळ व्हायची. ते बोलत नसत. आईनेही त्यांना कधी काही विचारल्याचं आठवत नाही. पुढे मी मानसिक आरोग्य हा विषय घेऊन समाजकार्य शिकले आणि छावण्यांमध्ये जवानांच्या कुटुंबांसाठी काम करू लागले, तेव्हा माझ्या सगळ्या धडपडीच्या तळाशी तीच एक गोष्ट असावी. ही माणसं एकदा बोलायला लागली की निम्मं काम झालं, असं मला मनापासून वाटायचं.

तसं वाटायला कारणंही होती. जुलै 2022 मध्ये सरकारने संसदेत सांगितलं, की आधीच्या पाच वर्षांत तिन्ही दलांत मिळून 819 जणांनी आत्महत्या केली. लष्करातले 642, हवाई दलातले 148, नौदलातले 29. ऑक्टोबर 2023 मध्ये लष्कराने स्वतःच निवेदन काढलं, की 2001 पासून दरवर्षी सरासरी 100 ते 140 जवान आत्महत्येने किंवा स्वतःला करून घेतलेल्या इजेने दगावतात. निमलष्करी दलांचा हिशेब वेगळा. 2018 ते 2022 या काळात तिथे 654 जण गेले, त्यातले 230 एकट्या सीआरपीएफमधले. आमच्याकडची पोरं दोन्हीकडे आहेत, आणि गावाच्या लेखी दोन्ही मिल्ट्रीच. कारणं विचारली की सरकारी उत्तरांत घरगुती प्रश्न, नवरा-बायकोतले वाद, पैशाची ओढाताण, कामाचा ताण हेच पुन्हा पुन्हा येतं. हे सगळं मनाशी निगडित आहे, तेव्हा उपायही मनाचाच, असा माझा सरळ हिशेब होता.

म्हणून आम्ही कार्यक्रम तसा चालवायचो. सैनिक संमेलनात माझं किंवा डॉक्टरसाहेबांचं व्याख्यान. ताणतणावावर बोलणं, प्राणायाम, योग. पंडितजींचे दोन शब्द, कारण पलटणीच्या धर्मगुरूंकडे जवान खरोखर मन मोकळं करतात. प्रत्येक जवानाला एक 'बडी' नेमून दिलेला. बायकांसाठी फॅमिली वेल्फेअर सेंटरमध्ये वेगळं सत्र, त्यानंतर चहा आणि समोसे. रजिस्टरवर सह्या व्हायच्या आणि महिनाअखेरीस किती सत्रं झाली, किती जण हजर होते, याचा अहवाल वर जायचा. यातलं काहीही वाया गेलं असं मी म्हणणार नाही. त्या सत्रांनंतर मागे रेंगाळलेली, सगळे गेल्यावर हळूच जवळ आलेली माणसं मी पाहिली आहेत. पण कार्यक्रमाचा कणा हाच, याबद्दलची माझी खात्री पुढे हलली.

ती हलवणारी एक बाई आणि एक सुभेदार. नाव-गाव सांगत नाही, काही तपशीलही बदलले आहेत. नवरा फील्डमध्ये होता. त्या दोन पोरांना घेऊन छावणीत, ज्या कुटुंबांना सोबत नेता येत नाही त्यांच्यासाठी असलेल्या क्वार्टरमध्ये राहायच्या आणि सेंटरमध्ये शिवणाच्या वर्गाला यायच्या. एका दुपारी मशीनवरून उठून माझ्या टेबलाशी आल्या.

"मॅडम, ह्यांचं काल रात्री फोनवर काहीतरी वेगळंच चाललं होतं."

"भांडण झालं का?"

"भांडले असते तर बरं झालं असतं की. एटीएमचा पिन सांगितला. एलआयसीची कागदं पेटीत कुठं हायत ते सांगितलं. मी विचारलंच नव्हतं. मग म्हणाले, आईशी जुळवून घे, ती तोंडानं फटकळ हाय, पण मनानं वाईट न्हाय."

गावाकडे भावकीने त्यांच्या वाटणीच्या रानात नांगर घातला होता. नवऱ्याने सुट्टीचा अर्ज केला होता. आधीच बरेच जण सुट्टीवर असल्यामुळे तो मागे पडला होता. मी माझ्या पद्धतीने कामाला लागले. त्या जवानाशी संध्याकाळी फोनवर सविस्तर बोलायचं, काय काय विचारायचं याची मनात मांडणी केली, डॉक्टरांना निरोप दिला. बाई मात्र सेंटरच्या बाहेर गेल्या आणि त्यांनी नवऱ्याच्या प्लाटूनच्या सुभेदारसाहेबांना फोन लावला. माहेरच्या बाजूने लांबची ओळख होती, एवढाच धागा.

सुभेदारसाहेबांनी कुणाला बोलतं केलं नाही. त्या रात्री त्या जवानाची गार्ड ड्युटी होती. ती बदलली. लंगरच्या स्टोअरमध्ये शिध्याची मोजदाद करायला त्याला बसवलं, स्वतः समोर बसले, चहा पाजला आणि आपली खाट त्याच्या खाटेशेजारी लावली. सकाळी कंपनी कमांडरांच्या कानावर घातलं. सुट्टी मंजूर झाली, आणि स्टेशनपर्यंत त्याच्याबरोबर माणूस गेला. माझं त्याच्याशी पहिलं बोलणं तो घरी पोचल्यानंतर झालं.

पुढे मी सुभेदारसाहेबांना विचारलं, तुम्ही हे कसं ठरवलंत? ते म्हणाले, "मॅडम, ह्यात ठरवायचं काय? बाई म्हणाली पिन सांगितला. मला एवढंच कळलं की आजची रात्र काढायची. बाकीचं सकाळी बघू."

तेव्हा मला ते खटकलं होतं. कुठलीही पडताळणी नाही, जवानाला विचारणं नाही, सरळ ड्युटी काढून घेतली. त्यालाही खटकलं होतं. "भरवसा नाही म्हणून गार्डवरून काढलं," हे त्याने मला सांगितलं तेव्हा त्याच्या आवाजात चीड होती आणि ती पुरती गेलेली नाही. सुभेदारसाहेबांबद्दल तो आजही फारसं चांगलं बोलत नाही. पण हे सगळं तो मला आपल्या घरातून सांगत होता आणि मागे पोरांचा दंगा ऐकू येत होता.

एका प्रसंगावरून मत बनवू नये, हे मी प्रशिक्षणात सांगत असते. म्हणून जे वरवर चाळून बाजूला ठेवलं होतं, ते पुन्हा नीट वाचलं. इस्रायलमध्ये कोवळ्या वयाचे सैनिक आठवडी सुट्टीला घरी जाताना आपली रायफल बरोबर नेत. 2006 मध्ये लष्कराने ती तळावरच ठेवायला लावली. 2010 मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात दिसलं, की त्या वयोगटातल्या आत्महत्या सुमारे 40 टक्क्यांनी घटल्या. घट झाली ती मुख्यतः सुट्टीच्या दिवसांत. इतर वारांत म्हणण्यासारखा फरक नव्हता. मला हा दुसरा भाग फार महत्त्वाचा वाटला. सैनिकांची मनं खंबीर झाली म्हणून घट झाली असती, तर ती आठवडाभर दिसली असती. आणि ज्याला करायचंच आहे तो कसंही करतो, हे खरं असतं, तर शनिवारचे आकडे सोमवारी चढले असते.

"ज्याला जायचंच आहे त्याला कोण अडवणार?" हे वाक्य मी गावात ऐकलं आहे, युनिटमध्ये ऐकलं आहे, डॉक्टरांच्या तोंडूनही ऐकलं आहे. मी ते मोठ्याने कधी म्हटलं नाही, तरी थोडं मानत होते. मन सावरलं नाही तर कुलूप लावून काय होणार, असं मला वाटे. सॅन फ्रान्सिस्कोच्या गोल्डन गेट पुलावर 1937 ते 1971 या काळात ज्यांना ऐनवेळी अडवलं गेलं, अशा 515 जणांचा रिचर्ड सायडन यांनी मागोवा घेतला. तो अभ्यास 1978 मध्ये आला. त्यांतले जवळपास 94 टक्के लोक नंतर जिवंत होते किंवा नैसर्गिक कारणाने वारले होते. म्हणजे अडवलेली बहुतेक माणसं जगली. तीव्र ऊर्मी ही बहुतेकदा भरतीसारखी चढते आणि उतरते. उतरेपर्यंत हाताशी काय आहे, यावर पुढचं सगळं ठरतं. सुभेदारसाहेबांनी यातलं काहीच वाचलेलं नव्हतं.

आपल्या जवानाच्या बाबतीत हे इस्रायलसारखं सरसकट करता येत नाही, हे मला कळतं. पीस स्टेशनला हत्यार कोतमध्ये असतं, नोंद करून निघतं, नोंद करून जमा होतं. फील्डमध्ये ते त्याच्या अंगाचाच भाग असतं, आणि तिथे ते नसणं हाही धोकाच. म्हणून आपल्याकडे प्रश्न एकेका माणसाचा आणि एकेका रात्रीचा होतो. तिथेच तो शरमेचा होतो. बराकीत काही लपत नाही. गार्डच्या यादीतून एक नाव गेलं की बातमी लंगरपर्यंत पोचते, आणि दुसऱ्या दिवशी कुणीतरी विचारतंच, काय रे, तुला काय झालं? त्या जवानाची चीड मला म्हणूनच विसरायची नाही. तो वाचला आणि दुखावलाही.

यावर मला जे सुचतं ते अगदी साधं आहे. सुट्टीवरून परत येण्याचे पहिले दिवस फार नाजूक असतात, हे पलटणीतला जुना माणूस न शिकवता सांगतो. घरचं भांडण ताजं असतं, कर्जाचा आकडा नुकताच कळलेला असतो, पोर रडत दारात उभं राहिलेलं असतं. तेव्हा सुट्टीवरून येणाऱ्या प्रत्येकाला, सरसकट, पहिले काही दिवस हत्यारी ड्युटी देऊ नये आणि त्या दिवसांत कंपनी कमांडरने त्याच्याशी एकदा बसून बोलावं. सगळ्यांना एकच नियम असला की कुणा एकाकडे बोट दाखवलं जात नाही. काही अधिकारी म्हणतात, माणसं आधीच कमी, हे परवडत नाही. त्यांची अडचण खोटी नाही. तरी मी हा आग्रह सोडणार नाही, कारण याला लागणारा खर्च म्हणजे ड्युटीच्या तक्त्यावरची थोडी फिरवाफिरव.

याहून मोठी अडचण वैद्यकीय श्रेणीची. फौजेत माणसाची तब्येत 'शेप' या पाच इंग्रजी अक्षरांत मोजतात: मन, कान, हातपाय, शरीराची ताकद, डोळे. पहिलंच अक्षर, 'एस', मनाचं. तिथला आकडा एकवरून खाली घसरला की बढती, कोर्स, पोस्टिंग, पुढची वाढीव सेवा, सगळ्यावर सावली पडते. डोळ्यांचा नंबर वाढला म्हणून कुणी लपवत नाही, पण झोप येत नाही हे जवान एमआय रूममध्ये, म्हणजे पलटणीच्या दवाखान्यात, सांगत नाही. पाठ दुखते म्हणतो. श्रेणी असू नये असं मी म्हणत नाही. ज्याला आजार आहे त्याला उपचार आणि हलकं काम मिळण्यासाठी ती लागते. पण दोन-चार रात्री हत्यारापासून दूर ठेवणं हे श्रेणीच्या कागदावर चढता कामा नये. ते कंपनीच्या पातळीवर व्हावं आणि तिथेच संपावं. नाहीतर माणसं आणखी घट्ट मिटतील आणि सुभेदारांचे हात बांधले जातील.

कायदाही इथे अडखळतो. 2017 च्या मानसिक आरोग्य सेवा कायद्याच्या कलम 115 ने सांगितलं, की आत्महत्येचा प्रयत्न करणारा माणूस तीव्र ताणाखाली होता असं धरून चालावं आणि त्याला शिक्षा करू नये. 1 जुलै 2024 पासून भारतीय न्याय संहिता आली आणि जुन्या दंडसंहितेतलं कलम 309 गेलं. 1950 च्या लष्कर कायद्याच्या कलम 64 मध्ये मात्र आत्महत्येचा प्रयत्न गुन्ह्यांच्या यादीत लिहिलेला आहे. तो खटला प्रत्यक्षात कितीदा चालतो हा वेगळा प्रश्न. जवानाला तो लिहिलेला आहे एवढं माहीत असतं. ते कलम जावं असं मला वाटतं आणि ते मी जमेल तिथे बोलते.

घरच्यांबद्दलही माझं मत फिरलं आहे. आधी मी बायकांना कार्यक्रमाचे लाभार्थी समजत होते. त्यांना ताण आहे, तर त्यांना दिलासा द्यायचा. त्या बाईंनी मला दाखवलं, की धोका सगळ्यात आधी ओळखणारं माणूस बऱ्याचदा घरीच, शेकडो मैलांवर, फोनच्या दुसऱ्या टोकाला असतं. बडीला जे दिसत नाही ते बायकोला ऐकू येतं: न विचारता सांगितलेला पिन, अचानक आलेला शांतपणा, पोरांना फोन द्यायला सांगून काहीच न बोलणं. पण तिच्याकडे कळवायची जागा नसते. कळवलं तर "ह्यांची कॅटेगरी डाऊन होईल, मग जन्मभर मलाच बोलतील," ही भीती असते. त्या बाईंकडे माहेरची ओळख होती. ज्यांच्याकडे नसते त्यांनी कुणाला फोन करायचा?

म्हणून आता नव्याने आलेल्या बायकांच्या पहिल्या बैठकीत मी व्याख्यान देत नाही. फोन बाहेर काढायला सांगते. नवऱ्याच्या कंपनीतल्या सीनियर जेसीओसाहेबांचा, म्हणजे सुभेदारांसारख्या ज्येष्ठ माणसाचा, नंबर आधीच विचारून घेतलेला असतो, तो सेव्ह करायचा आणि तिथेच, सगळ्यांसमोर, लावायचा. "नमस्कार साहेब, मी अमक्यांची मिसेस बोलतेय, नंबर घेऊन ठेवलाय." पहिलीच्या वेळी बाकीच्या पदर तोंडाला लावून हसतात. एखादीचा आवाज कापतो, एखादी फोन माझ्या हातात देऊ पाहते; मी घेत नाही. पलीकडून साहेब बहुतेक वेळा "हां बेटा, बोलो" असं म्हणतात आणि खोली एकदम सैल होते. काही नसताना एकदा फोन केलेला असला की काही असताना केलेला फोन जड जात नाही. हे मी कुठल्या पुस्तकात वाचलेलं नाही. बैठकी घेता घेता सुचत गेलं.

आणि घरच्यांच्या स्वतःच्या जिवाचं काय? संसदेतला तो 819 चा आकडा वर्दीतल्या माणसांचा आहे. सासरी एकटी असलेली नवी सून, मुलाच्या काळजीने खंगलेला बाप, बारावीत अडकलेला मुलगा, हे त्यात येत नाहीत. अमेरिकेत कायद्यानेच संरक्षण खात्याला सैनिकांच्या जोडीदारांच्या आणि मुलांच्या आत्महत्यांचीही नोंद ठेवावी लागते आणि वार्षिक अहवालात ती छापली जाते. आपल्याकडेही तशी नोंद व्हावी. जे मोजत नाही त्यासाठी कुणी माणूस नेमत नाही, पैसा ठेवत नाही.

गावात तर हत्याराचा प्रश्नच नसतो. तिथे प्रश्न असतो फवारणीच्या औषधाचा. आमच्या भागात ऊस आहे, आलं आहे, बटाटा आहे, आणि औषधाच्या बाटल्या सोप्यातल्या कोनाड्यात किंवा जिन्याखाली. चेन्नईच्या 'स्नेहा' संस्थेच्या डॉ. लक्ष्मी विजयकुमार आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी तमिळनाडूतल्या गावांमध्ये गावासाठी एकच कुलूपबंद साठवण करून पाहिली. प्रत्येक शेतकऱ्याचा वेगळा कप्पा, वेगळी किल्ली, आणि जागा घरापासून लांब. 2013 मध्ये त्यांचा लेख आला. लोकांनी ती व्यवस्था स्वीकारली आणि त्या गावांतलं चित्र आशादायक होतं. तो वाचल्यावर मी गृहभेटींत औषध कुठे ठेवता हे विचारू लागले. सुरुवातीला मलाच ते माझ्या कामाबाहेरचं वाटायचं. एका घरी सासूबाईंनी जिन्याखालच्या बाटल्या विहिरीवरच्या मोटारीच्या खोलीत हलवल्या आणि किल्ली आपल्या कमरेच्या जुडग्यात अडकवली. मुलगा सीमेवर, सून सहा महिन्यांची गरोदर, घरात धुसफूस चाललेली. "सुनेला वाटायला नको माझ्या मनात काय भलतंच हाय," एवढीच त्यांना काळजी होती. मग आम्ही दोघींनी सुनेला सांगितलं, की लहान पोरांच्या हाताला लागू नये म्हणून सगळ्याच घरांत असं करतोय. आणि खरोखरच त्या आळीतल्या बहुतेक घरांत केलं.

वेळ मिळवल्यावर त्या वेळेचं काय करायचं, हाही प्रश्न आहेच. माझ्याकडे येणाऱ्यांपैकी पुष्कळांचं दुःख मनाच्या खोल तळात नसतं. ते सात-बाऱ्यावर असतं, सावकाराच्या वहीत असतं, नामंजूर झालेल्या सुट्टीच्या अर्जात असतं. लष्करातल्या जवानाला वर्षाला 60 दिवस वार्षिक आणि 30 दिवस किरकोळ सुट्टी असते; अग्निवीराला 30 दिवसच. कोर्टाची तारीख, मोजणी, बहिणीचं लग्न यांत ती कशी पुरणार? कमांडिंग ऑफिसरांचं जिल्हाधिकाऱ्यांना किंवा एसपींना गेलेलं एक पत्र कित्येक समुपदेशनांपेक्षा लवकर झोप आणतं, हे मी पाहिलं आहे. कायद्याचाही आधार आहे. जवान हजर राहू शकत नाही म्हणून त्याच्यामागे एकतर्फी निकाल लागू नये, यासाठी 1925 चा सैनिकांच्या दाव्यांबद्दलचा कायदा आजही आहे. तालुक्याच्या कोर्टात तो आठवून देणारा वकील मिळाला म्हणजे झालं. जुलै 2025 मध्ये राष्ट्रीय विधी सेवा प्राधिकरणाने 'वीर परिवार सहायता योजना' सुरू केली, जिल्हा सैनिक कार्यालयांमधून कुटुंबांना मोफत कायदेशीर मदत मिळावी म्हणून. ही योजना आत्महत्या रोखण्याचा कार्यक्रम म्हणून कुणी मांडली नव्हती. माझ्या लेखी ती तीच आहे.

कार्यक्रम चालतो की नाही हे ओळखायची माझी खूणही बदलली. अमेरिकेच्या हवाई दलाने 1996 पासून आत्महत्येचा प्रश्न डॉक्टरांच्या हातून काढून साऱ्या कमांडरांच्या गळ्यात घातला. 2003 च्या अभ्यासात आत्महत्येचा धोका 33 टक्क्यांनी उतरलेला दिसला. पुढच्या अभ्यासात एक वर्ष वेगळं निघालं, 2004. त्या वर्षी आत्महत्यांचं प्रमाण पुन्हा चढलं आणि कार्यक्रमाची अंमलबजावणी त्या वर्षी ढिली पडली होती. सह्यांच्या रजिस्टरवरून अशी ढिलाई कळत नाही. आता मी विचारते: सुट्टीच्या अर्जाला उत्तर मिळायला किती दिवस लागले? परत आलेल्या जवानाशी कोण बोललं? रात्री फोन आला तर ड्युटीवरच्या माणसाला काय करायचं ते माहीत आहे का? हे विचारलेलं सगळ्यांना आवडत नाही.

एका बाबतीत मला अजून वाट सापडलेली नाही. ज्या घरातून माणूस गेला, त्या घराचं पुढे काय करायचं? 1967 पासूनच्या लष्करी आदेशानुसार स्वतःला केलेल्या इजेने मृत्यू आला तर लष्करी इतमामात अंत्यसंस्कार होत नाहीत, हे 2023 च्या त्या निवेदनात स्पष्ट केलं होतं. आमच्या सातारा जिल्ह्याला मान देणं माहीत आहे. अपशिंगे गावाने पहिल्या महायुद्धात 46 जवान गमावले, तिथे स्मारक आहे, नावापुढे 'मिलिटरी' लागलं आहे. अशा गावात एखादी पेटी मानवंदनेशिवाय येते, तेव्हा बायकोकडे लोक ज्या नजरेने बघतात ती मी पाहिली आहे. "असं काय केलं हिनं?" असं थेट तोंडावर विचारलेलं ऐकलं आहे. मृत्यूचा गौरव झाला तर दुसऱ्या खचलेल्या माणसाला ती वाट खुणावेल, ही भीतीही निराधार नाही. म्हणून बंदुकीच्या सलामीबद्दल मी ठामपणे काही म्हणू शकत नाही. पण युनिटमधून कुणीतरी वर्दीत त्या घरी जावं, पोरांच्या डोक्यावर हात ठेवावा, चौदाव्यानंतरही फोन यावा, पेन्शनच्या कागदांसाठी त्या बाईला एकटीला खेटे घालायला लागू नयेत, एवढं तर कुठलाही आदेश अडवत नाही. त्या घरातल्या मुलांचा धोका वाढलेला असतो. त्यांच्याकडे पुढची कित्येक वर्षं लक्ष ठेवायला हवं.

बोलणं मी सोडलेलं नाही. टेलि-मानस ही केंद्र सरकारची सेवा 10 ऑक्टोबर 2022 पासून चालू आहे. नंबर 14416, रात्री-अपरात्रीही लागतो, मराठीत बोलता येतं. सैन्यदलांसाठी आणि त्यांच्या कुटुंबांसाठी तिचा खास कक्ष पुण्याच्या सशस्त्र सेना वैद्यकीय महाविद्यालयात 1 डिसेंबर 2023 ला सुरू झाला. वर्दीतल्या माणसाचं जगणं माहीत असलेलं कुणीतरी पलीकडे असतं, हे मला फार मोलाचं वाटतं. तो नंबर जवानाच्या फोनमध्ये असावा, बायकोच्या असावा, आणि आईच्याही. तुमच्या घरातलं कुणी सीमेवर असेल, आणि त्याने न विचारता कागदपत्रं कुठे आहेत ते सांगितलं, किंवा मी नसलो तर असं बोलायला लागला, तर त्याला सरळ विचारा, "जीव द्यायचा विचार मनात येतोय का?" विचारल्याने तो विचार नव्याने मनात येत नाही. हो म्हणाला तर फोन चालू ठेवा, घरातल्या दुसऱ्या माणसाच्या फोनवरून त्याच्या कंपनीला कळवा, आज रात्री त्याला एकटं सोडू नका आणि त्याच्याजवळ हत्यार राहू देऊ नका असं स्पष्ट शब्दांत सांगा. कॅटेगरीचं, प्रमोशनचं, लोक काय म्हणतील याचं नंतर बघता येईल.